थँक्सगिव्हिंग : अमेरिकी कुटुंबातील कृतज्ञतेच्या परंपरा आणि त्यांचा अर्थ

प्रास्ताविक

'आभारप्रदर्शन' हा शब्द महाविद्यालयात काम करणाऱ्या आपणा सर्वांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. कार्यक्रम संपत आलेला असतो, प्रमुख पाहुण्यांचे लक्ष घड्याळाकडे आणि श्रोत्यांचे चहाकडे गेलेले असते. अशा वेळी विभागातील सर्वांत कनिष्ठ अध्यापकाच्या हाती नावांची यादी दिली जाते. अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साजऱ्या होणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग' या सणाचे मराठी रूपांतर 'आभारप्रदर्शन दिन' असे केलेले आढळते, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मनात नेमके हेच चित्र उभे राहते, असा प्रस्तुत लेखिकेचा वर्गातील अनुभव आहे. हा सण म्हणजे एक औपचारिकता असावी, असे त्यांना वाटते.

वस्तुतः या सणाच्या आशयाला अधिक जवळचा शब्द आपल्या भाषेत आहे आणि तो म्हणजे 'कृतज्ञता'. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. केलेल्याचा जो घात करतो तो कृतघ्न. या व्युत्पत्तीत भावनेपेक्षा ज्ञानाला आधी स्थान आहे, ही बाब लक्षणीय होय. नुसते 'आभारी आहे' म्हणणे पुरेसे नाही. काय केले गेले आणि कोणी केले, हे ठाऊक असावे लागते.

थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने अमेरिकी कुटुंबांनी ज्या प्रथा घडवल्या, त्यांतील अर्थपूर्ण कोणत्या आणि केवळ रिवाज म्हणून उरलेल्या कोणत्या, हे तपासण्यासाठी कृतज्ञतेचा हा मूळ अर्थ उपयोगी पडतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. कॅनडातही ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी याच नावाचा सण असतो. परंतु त्याचा इतिहास वेगळा असल्याने येथे तो विचारात घेतलेला नाही.

१६२१ची मेजवानी आणि १८६३चा सण

शालेय पाठ्यपुस्तकांतील कथा सुपरिचित आहे. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथच्या किनाऱ्याला लागले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू पावले. पुढील वर्षी मक्याचे पीक हाती आले आणि १६२१च्या शरद ऋतूत उरलेल्या सुमारे ५० वसाहतकारांनी व वाम्पानोआग जमातीच्या सुमारे ९० पुरुषांनी तीन दिवस एकत्र भोजन केले. या प्रसंगाचा मुख्य समकालीन पुरावा म्हणजे वसाहतीतील एडवर्ड विन्स्लो याने डिसेंबर १६२१मध्ये लिहिलेले पत्र. त्यात रानपक्ष्यांच्या शिकारीचा आणि वाम्पानोआगांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे. या भोजनाला विन्स्लोने 'थँक्सगिव्हिंग' म्हटलेले नाही. त्या काळातील धर्मनिष्ठ प्युरिटनांच्या दृष्टीने 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे उपासनेचा दिवस. खेळ आणि मेजवानी हे त्याचे स्वरूप नव्हे. १६२१च्या प्रसंगाला 'पहिले थँक्सगिव्हिंग' ही उपाधी मिळाली ती १८४१ साली, अलेक्झांडर यंग यांनी हे पत्र पुनर्मुद्रित करताना जोडलेल्या एका तळटीपेतून. एका तळटीपेने राष्ट्राला सण दिल्याची ही घटना संशोधकांना दिलासा देणारी आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

सणाला आजचे कौटुंबिक रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने सारा जोसेफा हेल (१७८८–१८७९) यांच्याकडे जाते. आपल्याकडील शिशुवर्गांत आजही म्हटल्या जाणाऱ्या मेरीच्या कोकराच्या इंग्रजी बालगीताच्या या कवयित्री. १८२२ साली त्यांना वैधव्य आले. पाच मुलांचा सांभाळ त्यांनी लेखणीच्या बळावर केला. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थवूड' या कादंबरीत त्यांनी न्यू इंग्लंडमधील एका कुटुंबाच्या थँक्सगिव्हिंगच्या भोजनाचे सविस्तर वर्णन केले. पुढे 'गोडीज लेडीज बुक' या महिलांच्या मासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे या विषयावर अग्रलेख लिहिले, पाककृती छापल्या आणि राज्यपालांपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत अनेकांना पत्रे पाठवली. सप्टेंबर १८६३मधील त्यांच्या पत्रानंतर काही दिवसांतच, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अब्राहम लिंकन यांची घोषणा निघाली. यादवी युद्ध त्या वेळी ऐन भरात होते. घोषणेत विधवा, अनाथ आणि शोकाकुल जनांचे स्मरण ठेवण्याचे आवाहन आहे, पण प्लिमथचा उल्लेखही नाही. सण राष्ट्रीय झाला तो एका दुभंगलेल्या देशातील घराघरांत रिकाम्या झालेल्या खुर्च्यांच्या पार्श्वभूमीवर, हे विसरता येत नाही.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा दिवस कायद्याने निश्चित झाला तो १९४१ साली. तत्पूर्वी १९३९ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून सण एक आठवडा अलीकडे आणला होता आणि त्यावरून राज्याराज्यांत मतभेद झाले होते. बाजारपेठ आणि सण यांचे नाते तेव्हापासून उघड आहे.

एलिझाबेथ प्लेक यांनी 'सेलिब्रेटिंग द फॅमिली' (२०००) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, घरी परतणे हा या सणाचा गाभा एकोणिसाव्या शतकात घडला. तरुण मुले शेत सोडून शहरांकडे व पश्चिमेकडे निघाली होती. वर्षातून एकदा आईवडिलांच्या चुलीपाशी परतण्याला सणाचे रूप मिळाले. त्याच काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर याच दिवशी सोंगे घेऊन धिंगाणा घालणाऱ्यांच्या टोळ्याही निघत असत. पुढे सोंगाची ही प्रथा मागे पडली आणि घरातले भोजन उरले. एरिक हॉब्सबॉम यांनी 'कल्पित परंपरा' ही जी संकल्पना मांडली, तिचे हे चपखल उदाहरण ठरते. मात्र परंपरा कल्पित आहे म्हणून ती निरर्थक ठरत नाही. आपल्याकडील सार्वजनिक गणेशोत्सव १८९०च्या दशकातला आहे, याने त्याच्या अर्थाला बाध येत नाही, तसेच हे आहे.

ताट आणि त्यामागचे हात

भाजलेली टर्की, तिच्या पोटात भरलेले पावाचे मसालेदार सारण, कुस्करलेले बटाटे, रताळी, आंबटगोड क्रॅनबेरीची चटणी आणि शेवटी लाल भोपळ्याचा 'पाय' हा गोड पदार्थ, असे या भोजनाचे साधारण स्वरूप असते. १६२१ साली बटाटे नव्हते आणि 'पाय'साठी लागणारे गव्हाचे पीठही नव्हते. आजचे ताट हे प्लिमथपेक्षा हेल यांच्या मासिकाशी अधिक जवळचे आहे.

असे असूनही प्रत्येक कुटुंब आपापल्या ताटाविषयी कमालीचे आग्रही असते. सारण आजीच्याच पद्धतीने झाले पाहिजे, क्रॅनबेरी अमुक मामीनेच आणली पाहिजे, हे ठरलेले असते. या आग्रहाकडे पाहून सुरुवातीस हसू येते. परंतु पुरणपोळी कटाबरोबर खावी की दुधाबरोबर, यावरून आपल्या घरांत होणारे वाद आठवले की हसू आवरते. मेलनी वॉलनडॉर्फ आणि एरिक आर्नूल्ड यांनी १९९१ साली थँक्सगिव्हिंगच्या उपभोगविधीवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मार्मिक निरीक्षण आहे. दुकानातून आणलेल्या तयार पदार्थाचे वेष्टन काढून, त्यात घरातले एखादे जिन्नस मिसळून, तो 'घरचा' केला जातो. हिरव्या फरसबीचा 'कॅसरोल' हा अनेक कुटुंबांत वारशाने आलेला मानला जाणारा पदार्थ १९५५ साली कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तयार केला. आजी हे सांगत नाही, कारण बहुधा तिलाही ते ठाऊक नसते.

मग या ताटातले खरे काय? आपल्या व्युत्पत्तीच्या आधारे उत्तर असे देता येईल की, पाककृती कितीही अलीकडची असली तरी ती ज्या हातांनी केली त्या हातांचे ज्ञान खरे असते. अनेक घरांत आजीच्या हस्ताक्षरातील पाककृतीची चिठ्ठी, तेलाच्या डागांसह, चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावलेली असते. तो पदार्थ करताना धाकट्यांना शेजारी उभे केले जाते. काही घरांत पाहुण्यांनी दरवर्षी पांढऱ्या टेबलक्लॉथवर आपले नाव आणि कृतज्ञतेचे एखादे वाक्य लिहावयाचे आणि नंतर घरातील कोणीतरी त्या अक्षरांवर रंगीत दोऱ्याने टाके घालावयाचे, अशी प्रथा आहे. वीस-पंचवीस वर्षांनी त्या कापडावर दिवंगतांची अक्षरे, मुलांची वेडीवाकडी पहिली सही आणि मोडलेल्या विवाहातील एखाद्या जावयाचे नावही राहते. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी ज्यांनी पांघरली आहे, त्यांना या कापडाचे मोल निराळे सांगावयास नको.

येथे एका विसंगतीची नोंद घेणे आवश्यक आहे. १६२१च्या शरद ऋतूपर्यंत वसाहतीतील केवळ चार प्रौढ स्त्रिया जिवंत होत्या. तीन दिवस शंभराहून अधिक माणसांच्या भोजनाचा वसाहतीकडील भार प्रामुख्याने त्यांच्यावर आणि हाताशी असलेल्या मुलींवर पडला असणार. विन्स्लोच्या पत्रात त्यांच्याविषयी एक अक्षर नाही. आजही भोजनानंतर पुरुष फुटबॉलचा सामना पाहावयास बसतात (१९३४पासून डेट्रॉईटचा संघ या दिवशी खेळत आला आहे) आणि भांड्यांचा ढीग स्त्रियांकडे राहतो, हे दृश्य सर्वत्र नसले तरी दुर्मीळही नाही. स्वयंपाक करणारीला टेबलाच्या अग्रस्थानी बसवून इतरांनी वाढावयाचे आणि आवरावयाचे, ही काही कुटुंबांनी सुरू केलेली प्रथा साधी वाटते. टेबलावरील सजावटीच्या सर्व सूचनांपेक्षा ती अधिक मोलाची आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

शब्दाची प्रथा

भोजनास प्रारंभ करण्यापूर्वी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते एका वाक्यात सांगावयाचे, ही बहुधा या सणातील सर्वाधिक प्रचलित कौटुंबिक प्रथा होय. काही ठिकाणी प्रत्येकाच्या ताटात मक्याचे पाच दाणे ठेवतात आणि एकेका दाण्यासोबत एकेक गोष्ट सांगतात. प्लिमथच्या दुष्काळात प्रत्येकाला पाचच दाणे मिळत, अशी त्यामागील आख्यायिका आहे. ती उत्तरकालीन आहे, परंतु लहान मुलांना मोजण्यासाठी हाती काही मिळते.

ही प्रथा सहजपणे पोकळ होऊ शकते. 'कुटुंब, आरोग्य आणि हे अन्न' ही त्रयी प्रत्येकाने उच्चारली की आभारप्रदर्शनाची यादी तयार होते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात सहभागी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटणाऱ्या काही गोष्टी लिहावयाच्या होत्या. त्रासांची नोंद करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे स्वतःच्या आयुष्याविषयीचे समाधान अधिक आढळले. या संशोधनाच्या लोकप्रियतेमुळे कृतज्ञतेच्या वह्या आणि बरण्या बाजारात आल्या. तथापि या प्रयोगात मोजले गेले ते आभार मानणाऱ्याचे समाधान. ज्याच्यामुळे ते लाभले, त्याला ते कळले की नाही, हा प्रश्न निराळा आहे आणि कुटुंबाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

या दृष्टीने दोन प्रथा विशेष उल्लेखनीय वाटतात. 'स्टोरीकोर' या मौखिक इतिहास संकलित करणाऱ्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या उपक्रमात शाळकरी मुलांनी सणाच्या सुट्टीत घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची मुलाखत ध्वनिमुद्रित करावयाची असते. दुसरी प्रथा शासनाच्या आरोग्यप्रमुखांनी २००४ साली सुचवली: सर्व नातेवाईक एकत्र आलेले असतातच, तर कुटुंबातील आनुवंशिक आजारांची माहिती याच दिवशी विचारून लिहून ठेवावी. मधुमेह आणि हृदयविकार यांची चर्चा गोड पदार्थांच्या साक्षीने होते हे खरे. परंतु आजोबा कशाने गेले, हे नातवाला कळणे हाही 'कृत' जाणण्याचाच एक भाग आहे.

जे जाणावयाचे राहून गेले

कृतज्ञता ज्ञानावर उभी असेल, तर १६२१नंतर काय घडले हे वगळून ती पूर्ण होत नाही. प्लिमथवासी जेथे उतरले तेथे पूर्वी पतुक्सेत नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ दरम्यान युरोपीय संपर्कातून आलेल्या साथीने ते निर्मनुष्य झाले होते. वसाहतकारांना मका लावावयास शिकवणारा टिस्क्वॉन्टम याच गावचा. १६१४ साली त्याला पळवून स्पेनमध्ये विकण्यासाठी नेण्यात आले होते. तो परतला तेव्हा गाव उरले नव्हते. ज्या वाम्पानोआग प्रमुखाने, मॅसासॉइटने, १६२१ साली तह केला, त्याचा मुलगा मेटाकॉम १६७५–७६च्या युद्धात वसाहतकारांविरुद्ध लढताना मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये वर्षानुवर्षे खांबावर लटकत राहिले.

१९७० साली, मेफ्लॉवरच्या आगमनाच्या ३५०व्या वर्षानिमित्त, वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्यास भाषणासाठी निमंत्रण देण्यात आले. त्यांनी लिहिलेला मजकूर आयोजकांनी आधी पाहिला आणि तो नाकारला. जेम्स यांनी भाषण दिले नाही. त्याऐवजी त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथ येथील कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी, 'राष्ट्रीय शोकदिन' पाळण्यात आला. तेव्हापासून दरवर्षी हा दिवस तेथे पाळला जातो.

याचा अर्थ मूलनिवासी समाजांना कृतज्ञतेचे वावडे आहे असा नाही; वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील ॲक्विना येथील वाम्पानोआग समाज ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरीचा दिवस पाळतो. हौदेनोसौनी राष्ट्रसंघात प्रत्येक सभेच्या आरंभी जे कृतज्ञतेचे निवेदन केले जाते, त्यात माणसे, पृथ्वी, पाणी, मासे, धान्ये, औषधी वनस्पती, पशू, वृक्ष, पक्षी, वारे, सूर्य, चंद्र, तारे अशा क्रमाने एकेकाचे कार्य सांगून आभार मानले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर श्रोते संमती देतात. येथे आभार अखेरीस मानत नाहीत; ते मानल्याखेरीज कामकाज सुरूच होत नाही. कार्यक्रमाच्या शेवटी यादी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी या क्रमाचा अवश्य विचार करावा.

शाळांतून मुलांना कागदी पिसांचे मुकुट घालून १६२१चा देखावा उभा करण्याची प्रथा आता अनेक ठिकाणी मागे पडली आहे. काही कुटुंबे भोजनापूर्वी आपले घर कोणत्या जमातीच्या भूमीवर उभे आहे याचा उच्चार करतात. हा उच्चारही पुन्हा औपचारिकता होऊ शकतो, अशी टीका होते व ती रास्त आहे. परंतु मुलांना खोटी कथा सांगून त्यांच्याकडून खऱ्या कृतज्ञतेची अपेक्षा करणे, हे त्याहून अवघड आहे.

एका मराठी घरातील टेबल

१९६५च्या कायद्याने अमेरिकेत आशियाई स्थलांतराचा मार्ग मोकळा झाल्यानंतर तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनी हा सण फारशा अडचणीविना स्वीकारला. याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: दिवाळीला तेथे देशव्यापी सुट्टी नसते, तर या गुरुवारी असते. शिवाय अन्नाला वंदन करून जेवावयास बसण्याची सवय आपल्या घरांतून आधीच होती. प्रस्तुत लेखिकेची मावशी १९८०च्या दशकापासून न्यू जर्सीत आहे. तिच्या घरी टर्की कधी आली नाही. मसालेभात, भरली वांगी आणि लाल भोपळ्याचे घारगे असतात. 'पाय'ची जागा घारग्यांनी घेतली, याचे तिच्या नातवंडांना मुळीच नवल वाटत नाही.

अडचण होती ती शब्दाची. मराठी घरात आईचे आभार कोणी मानत नाही. मानल्यास 'परक्यासारखे काय बोलतेस' असे ऐकावे लागते. एका वर्षी मावशीने दूरध्वनीवरून आम्हालाही त्या फेरीत सामील करून घेतले. माझी पाळी आली तेव्हा शेजारी आई बसलेली होती. तिच्याविषयी बोलावयाचे होते आणि मी 'सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे' असे म्हणून मोकळी झाले. आई हसून म्हणाली, "आता चहापानाची सूचना दे."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, २०१४ साली वारले. तेव्हापासून त्यांची खुर्ची टेबलाशी तशीच असते आणि तिच्यासमोर पान मांडले जाते. २०१९च्या सणात माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या नातीने आजीची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. न्यू जर्सी ही लेनापे लोकांची भूमी, त्यांना येथून हलवण्यात आले, हे ती शाळेत शिकली होती आणि तेच तिने आजीला सांगितले. मावशी काही वेळ बोलली नाही. नंतर तिने काकांच्या गावाविषयी सांगावयास सुरुवात केली. ते गाव १९६०च्या दशकात कोयना धरणाच्या जलाशयाखाली गेले. काका तेव्हा शाळकरी मुलगा होते, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा चौथरा दिसतो म्हणून त्यांचे वडील दूरवरून तो पाहावयास जात. आपल्या घरात जो दिवा लागतो तो कोणाच्या गावावरून लागतो, हे काका एकदाच तिच्याजवळ बोलले होते. मुलांना त्यांनी ते कधी सांगितले नव्हते.

ते ध्वनिमुद्रण सुमारे चाळीस मिनिटांचे आहे. नातीने त्याची एक प्रत माझ्या आईला पाठवली. आईने ती दोनदा ऐकली आणि गावाचे नाव नीट लिहून घेण्यास मला सांगितले.